अभ्यासासाठी छोटा आणि स्वस्त लॅपटॉप घ्यावा का? कोकणातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील अनेक घरांत प्रवेशाच्या धावपळीबरोबरच लॅपटॉपचा विषय निघतो. पंधरा-वीस हजारांच्या घरातला, अकरा-साडेअकरा इंची पडद्याचा, जेमतेम किलोभर वजनाचा लॅपटॉप जाहिरातीत दिसतो, मुंबईचे काका 'गणपतीला येताना घेऊन येतो' असे सांगतात आणि दोन दिवसांत निर्णय होऊन जातो. ज्या घरात ही रक्कम आंबा-काजूच्या हंगामातून बाजूला काढलेली असते, किंवा जिथे जून-जुलैची मासेमारी बंदी आणि कॉलेजची फी नेमकी एकाच वेळी येते, तिथे हा निर्णय इतक्या घाईने होऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणून तो कसा घ्यावा, हे येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'छोटा आणि स्वस्त' असे आपण एका दमात म्हणत असलो, तरी छोटेपणा आणि स्वस्तपणा यांची तपासणी वेगवेगळी करावी लागते. छोटेपणा पुष्कळ विद्यार्थ्यांच्या, विशेषतः रोज एसटीने किंवा रेल्वेने ये-जा करणाऱ्यांच्या, सोयीचा असतो. खरा त्रास होतो तो किंमत खाली आणण्यासाठी आतल्या भागांत केलेल्या काटकसरीमुळे. २००७ साली आसुसचा 'ईई पीसी' आला तेव्हा त्याचा पडदा ७ इंची, साठवण ४ जीबी आणि रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती स्मृती) ५१२ एमबी होती; त्यानंतर या वर्गातील यंत्रे कितीतरी सुधारली, पण काटकसर नेमकी कुठे केली आहे हे पाहण्याची गरज आजही तितकीच आहे.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्यावा आणि येत्या वर्षातील एका साध्या आठवड्यात संगणकावर कोणती कामे करावी लागतील ते विद्यार्थ्याने स्वतः लिहून काढावे. 'अभ्यास' एवढेच लिहून भागणार नाही. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ वाचणे, टिपणे काढणे, प्रकल्पाचा अहवाल टाइप करणे, ऑनलाइन तासाला बसणे, स्वयम् किंवा एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्याख्याने पाहणे, एक्सेलमध्ये तक्ते करणे, प्रोग्रॅम लिहिणे, आराखडे काढणे अशी कामे वेगवेगळी मांडावीत. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला तो कागद दाखवावा. पहिल्या वर्षी न लागणारी सॉफ्टवेअर पुढे लागतात आणि त्यांची नावे अनेकदा शिक्षकांपेक्षा विद्यार्थीच अचूक सांगतात.

या कागदावरूनच बराचसा निकाल लागतो. कला शाखा, शिक्षणशास्त्र, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम किंवा एमपीएससीची तयारी, यांत वाचन आणि लेखन हेच मुख्य काम असते आणि छोटा लॅपटॉप ते करू शकतो. वाणिज्य शाखेत टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर लागते. टॅली प्राइम विंडोजवर चालते, त्यामुळे यंत्र छोटे असले तरी त्यात विंडोज असणे आवश्यक ठरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा त्याच्याशी संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्याला प्रयोगांच्या नोंदी आणि तक्ते सांभाळावे लागतात, तेही काम अशा यंत्रावर निभावते. सी किंवा पायथॉन शिकणाऱ्याचीही सुरुवात होऊ शकते. मात्र लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा अन्यत्र स्थापत्य, यांत्रिकी अथवा वास्तुकला शिकायची असेल, तर ऑटोकॅडसारख्या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरसाठी ८ जीबी रॅम ही किमान गरज आहे आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक लागते. मोबाइलची ॲप तयार करण्याचा ॲंड्रॉइड स्टुडिओ, व्हिडिओ संपादन यांचेही तेच. अशा विद्यार्थ्याने छोट्या स्वस्त लॅपटॉपचा विचार येथेच थांबवावा. पहिले वर्ष कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काढून दुसऱ्या वर्षी योग्य यंत्र घेणे हे त्याच्यासाठी अधिक शहाणपणाचे आहे.

कागदावर केवळ वाचन, व्याख्याने आणि थोडे टायपिंग एवढेच उरले, तर लॅपटॉपची गरज आहे का हेही पडताळून पाहावे. घरातल्या मोबाइलला ब्लूटूथचा एक साधा की-बोर्ड जोडावा आणि पंधरा दिवस त्यावर टिपणे काढावीत. घरात दूरदर्शन संच नवा असेल तर मोबाइलचा पडदा त्यावर दाखवण्याची सोयही बहुधा असते. या पंधरा दिवसांत विद्यार्थ्याला लिहायची सवय आहे की नाही आणि त्याला पडद्याची जागा किती कमी पडते, या दोन्ही गोष्टी फारसा खर्च न करता कळतात, आणि पुढे लॅपटॉप घेतला तरी की-बोर्ड वाया जात नाही.

आत काय आहे ते पाहणे

लॅपटॉप घ्यायचे ठरल्यावर पहिली नजर रॅमकडे असावी. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे आणि नेमका तेवढाच माल भरलेली यंत्रे स्वस्तात विकली जातात. पण किमान अट म्हणजे यंत्र सुरू होण्याची अट. त्यावर सुखाने काम होईल याची ती हमी नाही. ४ जीबीपैकी निम्म्याहून अधिक भाग विंडोज स्वतःच व्यापते, उरलेल्या जागेत ब्राउझरची चार-पाच पाने, एक पीडीएफ आणि ऑनलाइन तास एकत्र आले की यंत्र अडखळू लागते. या वर्गातील बहुतेक यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य पट्टीवर) पक्की बसवलेली असते, त्यामुळे 'पुढे वाढवून घेऊ' हा विचार उपयोगाचा नसतो. विंडोज घ्यायचे तर माझ्या मते ८ जीबीपेक्षा खाली जाऊ नये.

साठवणीच्या बाबतीत फसगत अधिक होते, कारण जाहिरातीत आकडा दिसतो पण प्रकार दिसत नाही. स्वस्त यंत्रांत ईएमएमसी नावाची चिप असते. ती मोबाइलमधल्या साठवणीच्या जातीची, बोर्डवर पक्की बसवलेली आणि एसएसडी या अधिक वेगवान साठवणीच्या मानाने संथ असते. ६४ जीबीच्या चिपवर विंडोज, त्याचे अपडेट आणि ऑफिस एवढे बसवले की विद्यार्थ्याच्या फायलींसाठी फार थोडी जागा उरते, आणि पुढचे मोठे अपडेट आले की 'जागा अपुरी आहे' असा संदेश येतो. एसएसडी असेल, तीही बदलता येण्याजोगी, तर त्या यंत्राचे आयुष्य वाढते. दुकानदाराला 'एसएसडी आहे की ईएमएमसी?' असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

प्रोसेसरच्या नावात फार खोल शिरण्याची गरज नाही. इंटेल सेलेरॉन एन४०२० हा २०१९ चा आणि एन४५०० हा २०२१ चा, दोन्ही दोन गाभ्यांचे (कोअरचे; गाभे अधिक तितकी कामे एकाच वेळी अधिक). २०२३ साली आलेला इंटेल एन१०० चार गाभ्यांचा आहे आणि त्या दोघांपेक्षा ठळकपणे वेगवान आहे. छोट्या लॅपटॉपमध्ये एन१०० किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असे त्रिकूट मिळत असेल, तर वाचन-लेखनासाठी ते समाधानकारक यंत्र ठरते.

विंडोजशिवायचे पर्यायही समोर येतात. २०२३ साली १६,४९९ रुपयांना बाजारात आलेल्या जिओबुकमध्ये ११.६ इंची पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण होती आणि वजन ९९० ग्रॅम होते. त्यावर जिओची स्वतःची, ॲंड्रॉइडवर आधारलेली प्रणाली चालते. अशा यंत्रावर किंवा गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणाऱ्या क्रोमबुकवर ४ जीबी रॅम विंडोजइतकी अपुरी पडत नाही, कारण प्रणालीच हलकी असते. मात्र विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअर त्यांवर बसवता येत नाहीत, हे घेण्यापूर्वीच मान्य करायला हवे. क्रोमबुकच्या बाबतीत आणखी एक तारीख पाहावी: गूगलने २०२३ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे २०२१ पासूनच्या क्रोमबुकना दहा वर्षे अपडेट मिळतात, पण ही मुदत ते मॉडेल आतल्या ज्या मूळ भागांच्या संचावर आधारलेले आहे तो संच बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण खरेदी केल्यापासून नव्हे. सवलतीत मिळणारे जुने मॉडेल म्हणूनच अनेकदा दिसते तितके स्वस्त नसते. विंडोज 'एस मोड'मध्ये असेल तर त्यावर केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप बसवता येतात. त्या मोडमधून विनामूल्य बाहेर पडता येते, पण पुन्हा आत जाता येत नाही.

पडदा, की-बोर्ड आणि मराठी

हा भाग इंग्रजीतील परीक्षणांत सापडत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

११.६ इंची पडद्याची प्रत्यक्ष उंची सुमारे साडेचौदा सेंटिमीटर भरते. ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. वरची-खालची पट्टी वजा केली, तर पुस्तकाचे पान त्याच्या मूळ आकारात ठेवल्यास एका वेळी जेमतेम एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश पान दिसते. सलग गद्य वाचताना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण गणिताचे पुस्तक, ज्यात आकृती वर आणि तिचे स्पष्टीकरण खाली असते, ते वाचताना सतत वर-खाली करावे लागते. पान लहान करून पूर्ण दिसेल असे ठेवले, तर देवनागरीची अडचण सुरू होते. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर अक्षरे बारीक झाली की रफार, रुकार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. 'द्ध' आणि 'द्द', किंवा 'ष्ट' आणि 'ष्ठ' हे वेगळे ओळखण्यासाठी डोळे बारीक करावे लागतात. इंग्रजीची अक्षरे त्याच आकारात व्यवस्थित वाचता येतात, त्यामुळे दुकानातल्या इंग्रजी पडद्यावर ही उणीव लक्षात येत नाही. यासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून आपल्या इयत्तेच्या मराठी पुस्तकाची पीडीएफ आधीच पेन ड्राइव्हवर घ्यावी, दुकानात उघडायला लावावी आणि दहा मिनिटे शांतपणे वाचावी. त्याच वेळी पडदा थोडा मागे-पुढे करून पाहावा. तिरके पाहिल्यावर रंग फिके किंवा उलटे दिसत असतील, तर तो पडदा हलक्या प्रतीचा आहे.

की-बोर्डची परीक्षा याहून महत्त्वाची आहे. छोट्या यंत्रात जागा वाचवण्यासाठी बहुधा उजव्या कडेच्या कळा अरुंद केल्या जातात, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे स्वल्पविरामासारखी चिन्हे आणि कंसच सापडतात. पण इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित की-बोर्ड पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याची नित्याची अक्षरे नेमकी त्याच कडेला असतात: अर्धविरामाच्या कळेवर 'च', तिच्या शेजारी 'ट', वरच्या ओळीत कंसाच्या कळेवर 'ड', तिरप्या उलट्या रेघेच्या कळेवर 'ॉ' आणि खालच्या ओळीच्या टोकाला 'य'. दुकानात मराठी की-बोर्ड सुरू करून 'डॉक्टरांच्या' हा एकच शब्द दहा वेळा लिहून पाहावा. या एका शब्दात त्या पाचही कळा येतात. दहांपैकी तीन-चार वेळा बोट चुकीच्या कळेवर जात असेल, तर वीस पानांचा प्रकल्प अहवाल लिहिताना काय होईल याचा अंदाज येतो. पूर्ण आकाराच्या की-बोर्डवर एका कळेच्या मध्यापासून दुसऱ्या कळेच्या मध्यापर्यंतचे अंतर साधारण १९ मिलिमीटर असते. खिशातल्या मोजपट्टीने हे मोजून पाहण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जे विद्यार्थी शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करत आहेत, त्यांनी सरावासाठी अशा अरुंद की-बोर्डवर अवलंबून राहू नये. घरी वेगळा पूर्ण आकाराचा की-बोर्ड जोडावा.

आपल्याकडची हवा, वीज आणि अंतर

छोट्या लॅपटॉपची बाजू कोकणात सर्वांत भक्कम ठरते ती विजेच्या बाबतीत. अशी यंत्रे साध्या कामात आठ-दहा वॉटवर चालतात, म्हणजे ३८ वॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर चार तासांच्या आसपास काम होते, आणि घरच्या लहान इन्व्हर्टरवरही त्यांचा भार जाणवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढे मोठे संकट रोज येत नाही, पण पावसाळ्यात दोन-चार तास लाईट जाणे ही नित्याची बाब आहे. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारे यंत्र मिळाले तर ते अवश्य पसंत करावे, कारण योग्य क्षमतेच्या पॉवर बँकेवरही ते चालते आणि चार्जर बिघडल्यास दुसरा मिळणे सोपे जाते. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जरची पिन काढून ठेवावी. ब्रॉडबँडची केबल जोडलेली असेल तर तीही काढावी.

दमट आणि खारी हवा हा दुसरा मुद्दा. किनाऱ्यालगतच्या घरांत टॉर्चमधल्या पट्टीवर आणि रेडिओच्या तारांवर जो हिरवट थर चढतो, तोच चार्जिंगच्या आणि यूएसबीच्या जागी आतून चढत असतो. येथे छोट्या यंत्राचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही: त्यांपैकी अनेकांत पंखाच नसतो, त्यामुळे बाहेरची खारी हवा आत ओढली जात नाही. मात्र यंत्र पावसाळाभर कपाटात बंद ठेवणे हा संरक्षणाचा मार्ग नाही. रोज तासभर तरी ते चालू ठेवावे, म्हणजे स्वतःच्या उबेने आतला ओलावा कमी होतो. बंद असताना सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात किंवा चांगल्या पिशवीत ठेवावे आणि त्या पुड्या अधूनमधून बदलाव्यात. एसटीत खिडकीकडेची जागा किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरचा जून महिन्यातला प्रवास लक्षात घेता, दप्तरात लॅपटॉपसाठी वेगळी जाड प्लॅस्टिकची पिशवी असणे हा खर्चातला अत्यावश्यक भाग समजावा.

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा, आणि माझ्या दृष्टीने तो किमतीच्या बरोबरीचा आहे. अनोळखी ब्रँडचे यंत्र ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त दिसते, पण त्याचे अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापूर, पनवेल किंवा मुंबईत असेल, तर एका बिघाडासाठी दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी बुडणे आणि परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे यंत्राविना राहणे हा हिशेब त्या दोन हजारांत बसत नाही. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या पिनकोडवरून सर्वांत जवळचे केंद्र शोधावे, तेथे फोन करावा आणि घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी आपल्या तालुक्यात लागू आहे का, हे विचारावे. आपल्या बाजारपेठेतील दुरुस्ती करणाऱ्या माणसालाही त्या मॉडेलविषयी विचारावे. त्याच्या बोलण्यातून सुटे भाग मिळतात की नाही, हे लगेच समजते.

तेवढ्याच पैशात दुसरे काय मिळते

याच किमतीत, किंवा थोडे पुढे जाऊन, कार्यालयांतून वापरून निघालेले आणि तपासून पुन्हा विक्रीला आणलेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड किंवा एचपीचे एलिटबुक लॅपटॉप मिळतात. त्यांचे की-बोर्ड उत्तम असतात, रॅम आणि एसएसडी बहुतेक मॉडेलांत बदलता येते आणि १२.५ इंची मॉडेल घेतल्यास ते दप्तरातही मावते. टायपिंग अधिक असलेल्या विद्यार्थ्याला मी नव्या स्वस्त यंत्रापेक्षा हेच सुचवेन. अट अशी की प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा, कारण त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रोसेसरच्या नावात 'आय-५' नंतर येणारा क्रमांक ८ ने सुरू होत असेल, तर ती आठवी पिढी. बॅटरी नवी घालून मिळेल का आणि किमान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी आहे का, हे ठरवूनच पैसे द्यावेत. वजन मात्र दीड किलोपर्यंत जाऊ शकते आणि बॅटरी छोट्या नव्या यंत्राइतकी टिकेलच असे नाही. रोज दोन तासांचा प्रवास असलेल्याने या दोन्ही गोष्टी तोलून पाहाव्यात.

घरात एखादा जुना, संथ झालेला लॅपटॉप पडून असेल, तर त्यात एसएसडी बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली आणि वर्ड-एक्सेलऐवजी मोफत लिबरऑफिस वापरले, तरी वाचन-लेखनाचे काम दोन वर्षे निभावू शकते. लिनक्समध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आधीपासूनच असते.

घेण्याच्या दिवशी

शक्यतो यंत्र हातात घेऊन पाहूनच घ्यावे आणि विद्यार्थ्याला बरोबर न्यावे, कारण की-बोर्ड त्याच्या बोटांसाठी आहे. मराठी पीडीएफ, 'डॉक्टरांच्या' आणि पडद्याचा कोन यांची चाचणी झाल्यावर ब्राउझरमध्ये पाच पाने उघडावीत, एक व्याख्यान चालू करावे आणि त्याच वेळी वर्डमध्ये टाइप करून पाहावे. अक्षरे बोटांमागून रेंगाळत उमटत असतील, तर दुकानदाराचे 'अपडेट झाल्यावर वेगवान होईल' हे आश्वासन ग्राह्य धरू नये. कॅमेरा आणि माइक एका फोनवरून व्हिडिओ कॉल लावून तपासावेत. चाकरमानी नातेवाईक मुंबईहून आणणार असतील, तर या सगळ्या चाचण्यांची यादी त्यांना आधी पाठवावी आणि बिल विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावावर, आपल्या गावच्या पत्त्यावर करून घ्यावे.

ऑनलाइन मागवल्यास खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते लिहून ठेवावे. ती मुदत संपण्याआधी यंत्र रोज किमान चार-पाच तास, खऱ्या अभ्यासाच्या कामासाठी वापरावे. सर्व अपडेट पहिल्या दोन दिवसांतच चांगले नेटवर्क असलेल्या ठिकाणी पूर्ण करून घ्यावेत आणि त्यानंतर किती जागा उरली ते पाहावे. ६४ जीबीच्या यंत्रात ही उरलेली जागा १५ जीबीच्या खाली गेली असेल, तर मुदत शिल्लक असतानाच ते परत करावे.